बोटभर वाकडी तिफन आणि रायफलीची दुर्बीण

पेरणीच्या दिवसांत तिफन धरणाऱ्याला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. पहिल्या तासाला तिफन बोटभर वाकडी लागली तर या धुऱ्यापाशी ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. पण त्या धुऱ्यापर्यंत जाता जाता तास हातभर सरकलेला असतो. चूक तीच, बोटभराचीच. अंतर वाढले म्हणून ती मोठी झाली. हे ज्याला उमगले, त्याला लांब पल्ल्याच्या नेमबाजीतले निम्मे गणित आधीच येते, असे समजायला हरकत नाही. उरलेले निम्मे आज सांगायचे आहे.

तुम्ही म्हणाल, "काहून बावा, कपाशी, सोयाबीन, तुरीचे भाव सोडून नेरच्या माणसाले रायफलीचं काय पडलं?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात आहे. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन या प्रकारात कांस्यपदक घेऊन आला. या प्रकारात भारताला मिळालेले ते पहिलेच ऑलिंपिक पदक. वैयक्तिक ऑलिंपिक पदक महाराष्ट्राच्या वाट्याला याआधी आले होते ते १९५२ साली, हेलसिंकीत, खाशाबा जाधवांच्या कुस्तीने. मध्ये तब्बल ७२ वर्षे गेली. स्वप्नीलचे वडील शिक्षक, आई गावची सरपंच. म्हणजे हे घर काही राजेरजवाड्यांचे किंवा शिकाऱ्यांचे नव्हे. तुमच्या-आमच्या गावात असते तसेच घर आहे.

पॅरिसच्या त्या अंतिम फेरीत त्याने ४५१.४ गुण मिळवले. पात्रता फेरीत तो ५९० गुणांसह सातवा होता. अंतिम फेरीतही सुरुवातीला मागेच होता, पण हळूहळू वर सरकत तिसरा आला. हे वर सरकणे नुसत्या हिमतीचे काम नाही. गुडघ्यावर बसून, मग पालथे पडून, मग उभे राहून अशा तीन पद्धतींनी गोळ्या झाडायच्या असतात. प्रत्येक पद्धतीत डोके आणि खांदा वेगळ्या जागी येतो, म्हणून रायफलीची साइट दर वेळी नव्याने जुळवावी लागते. ती किती आणि कोणत्या बाजूला फिरवायची, हा आजचा विषय आहे.

नेम कोणाचा चुकला?

आधी मुद्द्याची गोष्ट. शाळेत, महाविद्यालयात किंवा एनसीसीच्या शिबिरात पोट्टे पाच गोळ्या झाडतात. मास्तर टार्गेटचा कागद आणतात, गुण मोजतात आणि ज्याचे गुण जास्त तो पोरगा निवडला जातो. इथेच मोठी चूक होऊ शकते.

दोन कागद डोळ्यांसमोर आणा. पहिल्या कागदावर पाचही भोके एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतकी जवळजवळ आहेत, पण सगळी मधल्या काळ्या वर्तुळाच्या उजवीकडे, कोपऱ्यात. गुण जवळपास शून्य. दुसऱ्या कागदावर भोके चहूकडे पसरलेली आहेत. त्यातले एक मधोमध लागले आहे, दोन काठावर. गुण पहिल्यापेक्षा जास्त. आता सांगा, चांगला नेमबाज कोणता? जाणकार प्रशिक्षक पहिल्याला उचलेल. त्याचा हात स्थिर आहे, श्वास आवरलेला आहे, चाप एकसारखा ओढला जातो आहे. बिघडली आहे ती फक्त साइट, आणि ती दोन मिनिटांत जुळवता येते. दुसऱ्याची भोके पसरली आहेत ती हाताच्या अस्थिरतेमुळे, ती सुधारायला वर्ष लागेल.

म्हणून ही एक ओळ लक्षात ठेवा: पसरलेले असते ते पोराचे, सरकलेले असते ते रायफलीचे. (थोडा पसारा काडतुसाचाही असतो, पण तो नवशिक्याच्या पसाऱ्यापुढे किरकोळ.) हा फरक न ओळखल्यामुळे गावाकडची कितीतरी पोरे-पोरी "आपला नेमच नाही" असे म्हणून पहिल्याच शिबिरातून परत येऊ शकतात. वर्षाकाठी मोजक्याच गोळ्या मिळणाऱ्या कॅडेटला पुन्हा संधी कधी येईल, याचा नेम नाही. पंच, मुख्याध्यापक, क्रीडाशिक्षक यांनी हे समजून घेणे जरुरीचे आहे ते यासाठी.

कोनाचे माप

रायफलीवर नेम धरायला दोन प्रकारची साधने असतात. एक दुर्बीण, म्हणजे स्कोप. दुसरे म्हणजे मागे बारीक छिद्र आणि पुढे कडी असलेली साधी साइट. ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धेत दुर्बिणीला परवानगी नाही. तिथे छिद्राचीच साइट वापरतात. लांब पल्ल्याच्या, म्हणजे काही शे मीटरवरच्या काही स्पर्धांत मात्र दुर्बीण चालते. साधन कोणतेही असो, त्यावर दोन फिरक्या असतात: एक वर-खाली करायला, दुसरी डावी-उजवीसाठी. फिरकी फिरवली की कट-कट आवाज येतो. प्रत्येक आवाज म्हणजे एक क्लिक.

क्लिक हे सेंटिमीटरचे माप नव्हे, ते कोनाचे माप आहे. तिफनीचा बोटभर वाकडेपणा जसा पल्ल्याप्रमाणे वाढतो, तसाच एका क्लिकचा परिणामही अंतराप्रमाणे वाढतो. यासाठी दोन मापे चालतात.

पहिले माप मिनिट. वर्तुळाचे ३६० अंश आणि एका अंशाचे ६० मिनिट, हे शाळेत शिकलो आहोत. एका मिनिटाचा फरक १०० मीटरवर २.९ सेंटिमीटर होतो. ५० मीटरवर त्याच्या निम्मा, ३०० मीटरवर तिप्पट, म्हणजे ८.७ सेंटिमीटर. पुष्कळ दुर्बिणींची एक क्लिक पाव मिनिटाची असते.

दुसरे माप मिल. हे आपल्या लोकांना जास्त सोपे पडेल. एका मीटरला एक मिलिमीटर म्हणजे एक मिल. १०० मीटरला १० सेंटिमीटर, १,००० मीटरला एक मीटर. ज्या दुर्बिणीची क्लिक एक दशांश मिलची असते, तिची एक क्लिक १०० मीटरवर बरोबर १ सेंटिमीटर, ३०० मीटरवर ३ सेंटिमीटर. तोंडी हिशेब करता येतो.

उदाहरण घ्या. ३०० मीटरवर गोळ्या १५ सेंटिमीटर खाली लागत आहेत. मिलच्या दुर्बिणीची एक क्लिक तिथे ३ सेंटिमीटरची. १५ भागिले ३, म्हणजे ५ क्लिक वर. पाव मिनिटाची दुर्बीण असेल तर तिची क्लिक ३०० मीटरवर सुमारे २.२ सेंटिमीटर. १५ भागिले २.२, म्हणजे जवळपास ७ क्लिक. झाले.

छिद्राच्या साइटलाही हाच नियम लागतो. समजा मागच्या छिद्रापासून पुढच्या कडीपर्यंत ८० सेंटिमीटर अंतर आहे आणि एका क्लिकने मागचे छिद्र ०.०३ मिलिमीटर सरकते. ५० मीटर हे ८० सेंटिमीटरच्या साडेबासष्ट पट आहे. म्हणून टार्गेटवर फरक पडेल ०.०३ गुणिले ६२.५, म्हणजे १.९ मिलिमीटरच्या आसपास, ढोबळमानाने २ मिलिमीटर. आठवी-नववीच्या भूमितीतले समरूप त्रिकोण ते हेच. मास्तरांनी वर्गात हे उदाहरण दिले तर पोरांना भूमिती कशासाठी शिकायची ते तरी कळेल.

पाच गोळ्यांचा हिशेब

आता प्रत्यक्ष दुरुस्ती. ५० मीटरच्या टार्गेटवर मधले दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर रुंद असते, शर्टाच्या बटणाएवढे. त्याच्या बाहेर एक एक कडी ८ मिलिमीटरची. समजा पाच गोळ्या मध्यापासून उजवीकडे अशा लागल्या: ४, २२, १६, २० आणि १८ मिलिमीटर. त्याच गोळ्या खाली अशा: ६, १०, ४, १२ आणि ८ मिलिमीटर.

उजवीकडची बेरीज ८०, भागिले ५, सरासरी १६. खालची बेरीज ४०, भागिले ५, सरासरी ८. क्लिक २ मिलिमीटरची. म्हणजे ८ क्लिक डावीकडे आणि ४ क्लिक वर. पुन्हा पाच गोळ्या झाडा, पुन्हा मोजा. बहुतेक वेळा दोन फेऱ्यांत काम होते.

उतावळा पोरगा काय करतो? पहिली गोळी ४ मिलिमीटर उजवीकडे लागली म्हणून तो लगेच २ क्लिक डावीकडे फिरवतो. पुढची गोळी दूर उजवीकडे जाते. मग घाबरून ९ क्लिक फिरवतो. मग ती डावीकडे पडते. तो प्रत्येक गोळीच्या मागे पळत राहतो, आणि शेवटी रायफलीला दोष देतो. संख्याशास्त्र असे सांगते की प्रत्येक गोळीनंतर पूर्ण चूक दुरुस्त करत बसले तर पसारा कमी होण्याऐवजी सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. कारण त्या एका गोळीत रायफलीची चूक किती आणि हाताची किती, हे कळायला मार्ग नसतो.

आपल्या कापूस उत्पादकाला हे वेगळे सांगायला नको. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावतो, तेव्हा एका रात्री पतंग दिसले म्हणून पंप उचलत नाही. सलग तीन रात्री सापळ्यामागे ८ पतंग आले तर फवारणीचा विचार करा, असा सल्ला कृषी विभाग देतो. एक रात्र म्हणजे योगायोग, तीन रात्री म्हणजे लक्षण. नेमबाजीतही एक गोळी म्हणजे योगायोग, पाच गोळ्या म्हणजे लक्षण.

एक अपवाद मात्र आहे. चाप ओढतानाच हात हलला आणि पोराने कागद पाहण्याआधीच सांगितले, "सर, ही गेली," तर ती गोळी हिशेबातून वगळावी. कागद पाहून मग "ही मोजू नका" म्हणणाऱ्याचे ऐकू नये.

आणखी एक सावधगिरी. फिरकीवर बाण असतो, पण सगळ्या साइटवर बाणाचा अर्थ एकच नसतो. काहींवर बाण गोळी कुठे न्यायची ते दाखवतो, तर काहींवर गोळी कुठे लागली आहे ते. उलट दिशेला ८ क्लिक फिरल्या तर चूक दुप्पट होते आणि पोरगा गोंधळून जातो. नवीन साइट हाती आली की आधी मुद्दाम १० क्लिक एका बाजूला फिरवून दोन-तीन गोळ्या झाडाव्यात आणि बाणाचा अर्थ वहीत लिहून ठेवावा. साध्या साइटचा नियम असा: मागची साइट ज्या बाजूला सरकवाल त्या बाजूला गोळी जाते. पुढची साइट सरकवली तर गोळी उलट बाजूला जाते. पोलीस आणि सैन्यदलातून निवृत्त झालेले आपल्या भागातले जवान हे चांगले जाणतात. त्यांना शाळेत बोलवा.

अंतर दुप्पट झाले तर?

लोकांचा समज असा की गोळी सरळ रेषेत जाते. ती सरळ जात नाही. नळीतून निघाल्याबरोबर ती खाली पडू लागते, जसा गोफणीचा दगड पडतो. फक्त वेग जास्त म्हणून आपल्याला दिसत नाही. पॉइंट टू टू, म्हणजे ५.६ मिलिमीटरची स्पर्धेची गोळी सेकंदाला साधारण ३३० मीटर वेगाने निघते, आवाजाच्या वेगाहून जराशी कमी. ५० मीटर जायला तिला एक षष्ठांश सेकंदही लागत नाही, पण तेवढ्यात ती सुमारे १२ सेंटिमीटर पडते. १०० मीटर जाईपर्यंत सुमारे ५२ सेंटिमीटर पडते. अंतर दुप्पट, पडणे चौपटीहून थोडे जास्त. थोडे जास्त अशासाठी की हवेच्या अडथळ्याने गोळी मंदावत जाते.

आता दुर्बीण नळीच्या ४ सेंटिमीटर वर बसवली आहे असे समजा. ५० मीटरला नळी १२ अधिक ४, म्हणजे १६ सेंटिमीटर भरून काढील इतकी वर रोखलेली हवी. १६ सेंटिमीटर भागिले ५० मीटर, म्हणजे ३.२ मिल. १०० मीटरला ५२ अधिक ४, म्हणजे ५६ सेंटिमीटर भागिले १०० मीटर, ५.६ मिल. फरक २.४ मिल. एक दशांश मिलच्या २४ क्लिक वर. पाहा, गोळी चौपट पडली तरी फिरकी चौपट फिरवावी लागली नाही, कारण कोन मोजताना आपण अंतराने भागतो. हे न कळणारा माणूस हमखास जास्त फिरवतो.

हा आकडा अंदाजाचा आहे. काडतूस बदलले, नळी बदलली, वैशाखातला ४४ अंशांचा उन्हाळा जाऊन पौषातली थंडी आली, की दोन-चार क्लिकचा फरक पडू शकतो. अंदाज कशासाठी? पहिली गोळी निदान कागदावर लागावी यासाठी. त्यापुढचे काम पाच गोळ्या आणि सरासरी करते.

तलाठी-ग्रामसेवकांच्या ओळखीचे यंत्र

अंतरच माहीत नसेल तर काय करायचे? इथे आपल्या शासकीय मंडळींना एक जुनी ओळख सापडेल. बांधबंदिस्ती, पाणलोट किंवा कालव्याच्या कामात डंपी लेव्हल लावलेली आपण पाहिली आहे. त्या दुर्बिणीत मधल्या रेषेच्या वर आणि खाली दोन छोट्या रेषा असतात. समोरच्या पट्टीवर त्या दोन रेषांत किती अंतर दिसते ते वाचायचे आणि सहसा १०० ने गुणायचे. पट्टीवर ०.६० मीटर दिसले तर यंत्रापासून पट्टी ६० मीटरवर.

रायफलीच्या मिल-दुर्बिणीत हेच तत्त्व वापरतात. वस्तूची खरी उंची मीटरमध्ये घ्या, १,००० ने गुणा, आणि ती किती मिल दिसते त्याने भागा. दीड मीटर उंचीचा फलक ५ मिल दिसला तर तो ३०० मीटरवर आहे. पण हाच फलक चुकून ४.५ मिल वाचला तर अंतर निघेल ३३३ मीटर. अर्ध्या मिलच्या वाचनात ३३ मीटरचा घोटाळा. म्हणून स्पर्धेत असले अंदाज लावत बसत नाहीत. तिथली अंतरे १०, ५० आणि ३०० मीटर अशी मोजून ठरलेली असतात. जिथे टेप टाकता येतो तिथे टेपच टाकावा.

वारा

यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला वाऱ्याचे महत्त्व सांगण्याची गरज नाही. २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यातले शेतकरी आणि शेतमजूर दगावले. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका, हे तेव्हापासून गावोगावी सांगितले जाते. नेमबाजालाही वारा असाच रोज वाचावा लागतो, फरक इतकाच की त्याचा इथे जीव जात नाही, गुण जातात.

ताशी १५-१६ किलोमीटरचा आडवा वारा असला तर पॉइंट टू टूची गोळी ५० मीटरवर साधारण अडीच ते तीन सेंटिमीटर सरकते. एक कडी ८ मिलिमीटरची, म्हणजे तीन कड्या गेल्या. १०० मीटरवर हे सरकणे जवळजवळ चौपट होते. वारा समोरून किंवा पाठीमागून असेल तर सरकणे नाहीच म्हटले तरी चालेल. तिरपा असेल तर त्याचा काही भागच धरायचा: ३० अंशांनी येणाऱ्या वाऱ्याचा निम्मा, ४५ अंशांच्या वाऱ्याचा दहात सात भाग.

मैदानावर यासाठी छोटी निशाणे लावतात. उन्हाळ्यात आणखी एक खूण मिळते. तापलेल्या वावरावर हवा थरथरते, मृगजळ दिसते. ते दुर्बिणीतून पाहिले तर पाण्यासारखे एका बाजूला वाहताना दिसते. ज्या बाजूला वाहते त्या बाजूला वारा. सरळ वर उकळल्यासारखे दिसले तर आडवा वारा नाही, असे समजावे. आपल्या विदर्भातले ऊन या कामाला तरी उपयोगी पडते!

वाऱ्यासाठी क्लिक फिरवायच्या की थांबायचे? नवशिक्याने थांबावे. वारा पहिल्यासारखा झाला की मगच गोळी झाडावी. नाहीतर वाऱ्याची चूक साइटमध्ये भरली जाते आणि वारा पडल्यावर सगळाच हिशेब उलटतो.

हे रानडुकरासाठी नाही

इथे स्पष्ट सांगणे जरूर आहे. रायफल म्हटली की पिकात घुसणारी रानडुकरे आणि रोही आठवतात, हे खरे. पण हा लेख त्यासाठी नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, परवानगीशिवाय रानटी जनावरावर गोळी झाडणे गुन्हा आहे. पीकनुकसानीसाठी वन विभागाकडे अर्ज करणे हाच मार्ग आहे. काडतुसाची रायफल बाळगायला शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवाना लागतो. पॉइंट टू टूची लहानशी गोळीही दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते, म्हणजे या शिवारातून त्या शिवारात. म्हणून वावरात, नाल्यात, टेकडीवर स्वतःच्या मनाने सराव करायचा नाही. बंदिस्त रेंज आणि जबाबदार प्रशिक्षक नसेल तर रायफल पेटीतच राहू द्यावी.

मग गावाने काय करावे?

सुरुवात १० मीटर एअर रायफलपासून होते. १० मीटर म्हणजे किती? आपल्या गुंठ्याची एक बाजू ३३ फूट, १० मीटर म्हणजे ३२.८ फूट. एका गुंठ्याच्या लांबीत हा खेळ मावतो. पोरांना उभे राहायला आणि मागे भक्कम आड घ्यायला थोडी जागा जास्त धरली तर शाळेचा एखादा मोठा हॉल किंवा वापरात नसलेले गोदाम पुरते. आत वारा नाही, मृगजळ नाही. फक्त हात, श्वास आणि साइट. ४.५ मिलिमीटरचा छर्रा आणि अर्ध्या मिलिमीटरचा मधला ठिपका. कडीचे अंतर अडीच मिलिमीटर. हिशेब तोच, आकडे लहान. एअर रायफलबद्दलचे नियम घेण्याआधी पोलीस ठाण्यात विचारून घ्यावेत, आणि मोठ्या माणसाच्या देखरेखीशिवाय पोरांच्या हाती ती कधीही देऊ नये.

पण रायफल यायच्या आधीही शाळेत काम सुरू करता येते. टार्गेटचे कागद छापून घ्या. त्यावर मास्तरांनी पेनाने पाच-पाच ठिपके काढावेत आणि पोरांना विचारावे: मध्य कुठे, किती मिलिमीटर सरकला, किती क्लिक, कोणत्या बाजूला? दहा कागद सोडवले की पोरगा किंवा पोरगी शिबिरात गेल्यावर गोळ्या वाया घालवणार नाही. प्रत्येकाने एक वही ठेवावी. तारीख, काडतूस, ऊन किंवा ढग, वारा, किती क्लिक, पाच भोकांचे चित्र. शेतकऱ्याने पावसाची आणि पेरणीची नोंद ठेवावी तशीच. पुढच्या वर्षी ती वही सगळ्यात जास्त कामी येते.

वर जायची वाट बांधलेली आहे. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर. त्यांच्याच नावाची अखिल भारतीय मावळणकर स्पर्धा ही राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची पायरी आहे. अंजली भागवत यांनी नेमबाजी सुरू केली ती एनसीसीतून. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या. स्वप्नील २००९ मध्ये राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला आणि पदकापर्यंत पंधरा वर्षे लागली. मधल्या काळात रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरीही केली. एका रात्रीत काही झाले नाही.

नेरहून अमरावती दूर नाही. तिथे १९१४ पासून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे आहे. खेळाची परंपरा आपल्या वऱ्हाडाला नवी नाही, नेमबाजीची तेवढी सवय नाही. सरपंच, मुख्याध्यापक आणि ग्रामसेवकांनी एकदा बसून तीन गोष्टी ठरवाव्यात: गावात किंवा जवळच्या मोठ्या शाळेत ३३ फुटांची बंदिस्त जागा आहे का, एखादा निवृत्त जवान आठवड्यातून एक दिवस देईल का, आणि एनसीसीच्या शिबिरात आपल्या पोरापोरींचे टार्गेटचे कागद नुसते गुण मोजून फेकले जातात की जपून ठेवले जातात. तिसरी गोष्ट फुकट आहे, तिच्यापासून सुरुवात करावी. जुने कागद असतील तर बाहेर काढा. त्यात एखादा असा निघेल की पाचही भोके एका नाण्याखाली, पण कोपऱ्यात. तो कागद कोणाचा होता, ते शोधून काढा.

आपल्या गावात किंवा शाळेत असा प्रयत्न सुरू असेल तर या पानासाठी जरूर लिहून कळवावे.